खात्रीचा साचा

रविवारी जेवणं झाली तरी आप्पा पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसून होते. ऋजुताने त्यांना आत येऊन जरा पडायला सांगितलं, तर ते म्हणाले, "थांब की. सुमन आली न्हाई अजून."

"कोण सुमन?"

"कोण काय? तुझी आत्या. दर रविवारी येती ती."

ऋजुताला आत्या नव्हती. आप्पांना एक धाकटा भाऊ होता, तो बेळगावला स्थायिक झालेला. बहीण कधीच नव्हती. तिला वाटलं, चेष्टा करतायत. पण आप्पा रस्त्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची स्मरणशक्ती खणखणीत होती. कुठल्या फाट्यावर कुठलं हॉटेल होतं आणि ते कधी बंद पडलं, हे ते आजही सांगायचे. कुणी चुकीचं बोललं की त्याला सोडायचे नाहीत. आई गेल्यावर ते लेकीकडे मिरजेला राहायला आले, आणि तेव्हापासून बापलेकीचा रोज कशावरून तरी वाद व्हायचाच. भाजीतल्या मिठावरून, नाहीतर बातम्यांवरून.

"आप्पा, तुम्हाला बहीण नाही," ती हळूच म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे काळजीने पाहिलं. "बरं न्हाई का वाटत तुला, ऋजू?"

ती स्वयंपाकघरात आली. नवरा, रणजित, भांडी विसळत होता. तो कॉलेजात गणित शिकवायचा. भावनेच्या भरात काही बोलणारा माणूस नव्हता. ती त्याला कुजबुजत म्हणाली, "आप्पांचं काहीतरी बिनसलंय. सुमन नावाची बहीण येणार म्हणून बसलेत."

"सुमनआत्या ना?" रणजित मागे न बघताच म्हणाला. "मलाही वाटलं, आज उशीर झाला त्यांना. पेरू आणतात त्या नेहमी."

एका माणसाला भ्रम होऊ शकतो. दोघांना एकच भ्रम, तोही पेरूंसकट? आणि पेरूंचं ऐकल्यावर ऋजुताला कळलं की सुमन तिला ठाऊक आहे. सुमन तिनेच तयार केली होती.

गॅसच्या वर, भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं. तारखांच्या खाली एका चौकटीत चार ओळी छापलेल्या होत्या: "सुमनआत्या दर रविवारी येतात. येताना पेरू आणतात. त्या आल्या की घरात बरं वाटतं. त्या सांगतात ते सगळे ऐकतात."

*

त्या काळात कागद परत आला होता. पडद्यावर दिसणारा कुठलाही चेहरा आणि ऐकू येणारा कुठलाही आवाज यंत्राने बनवलेला असू शकतो, हे लोकांना इतक्या वेळा पोळल्यावर समजलं होतं, की पडद्यावरच्या कशावरच कुणी विश्वास ठेवेना. बँका पुन्हा पत्रं पाठवू लागल्या. कंपन्या पत्रकं, पोस्टर, कॅलेंडर छापू लागल्या. सांगली-मिरजेतले बंद पडत आलेले छापखाने पाळ्यांमध्ये चालू झाले.

ऋजुता भोईटे कुपवाडच्या एका औषध कंपनीत मार्केटिंग विभागाची मुख्य डिझायनर होती. प्रत्येक शाखा आपापली पत्रकं बनवायची आणि त्यांचा नुसता गोंधळ असायचा. कुणी पिवळ्यावर लाल अक्षरं छापायचं, कुणी कंपनीचं चिन्ह ताणून लांबुळकं करायचं. म्हणून व्यवस्थापनाने ठरवलं की सगळ्यांसाठी ठरीव साचे करायचे. पत्रकाचा एक, पोस्टरचा एक, कॅलेंडरचा एक. समास, अक्षरांचे आकार, ओळींमधलं अंतर, सगळं पक्कं. शाखेने त्यात फक्त मजकूर ओतायचा.

काम नेहमीचंच होतं. त्यात विभागप्रमुख देवव्रत काळसेकर यांनी एक नवी गोष्ट आणली. ही अंतरं ऋजुताने नजरेने ठरवण्याऐवजी डॉ. शाहीन मुजावर यांच्या यंत्राने ठरवायची. डॉक्टर मुजावर मिरजेत मेंदूवर संशोधन करत आणि माणसं वाचतात कशी हा त्यांचा विषय होता. यंत्राने दिलेली मापं विचित्र होती, मिलिमीटरच्या बारीक अंशांत, प्रत्येक ओळीला वेगळी. पण साचा तयार झाल्यावर ऋजुताला तो इतका स्वच्छ वाटला की ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली होती.

खरा मजकूर येईपर्यंत साच्यात काहीतरी भरावं लागतं. अर्थहीन अक्षरं भरलेली ऋजुताला चालत नसत. मराठीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात, त्यामुळे खरीखुरी वाक्यं घातल्याशिवाय अंतराचा अंदाज येत नाही. तेव्हा ती टेबलाशी पेरू खात बसली होती. तिने सुचेल ते लिहिलं. छापखान्यातून आलेली कॅलेंडरची चाचणीप्रत घरी आणली, आणि रणजितने ती स्वयंपाकघरात टांगली. आप्पा रोज चहा करताना तिच्यासमोर उभे राहायचे.

तिने कॅलेंडर खिळ्यावरून ओढून काढलं आणि दोघांना सगळं सांगितलं. आप्पा चिडले. रणजितने ऐकून घेतलं, दोनदा प्रश्न विचारले, मग खुर्चीवर बसला.

"तू म्हणतेस ते मला पटतंय," तो म्हणाला. "पण ती मला आठवते, ऋजुता. आत्ताही आठवते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती डॉक्टर मुजावरांकडे गेली. एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. डॉक्टर पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना चष्मा सारखा पुसणाऱ्या. ऋजुताने सांगितलेलं ऐकत असताना त्यांचा पुसणारा हात थांबला.

"मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी असतात," त्या म्हणाल्या. "एक, आठवणं. दुसरी, ओळखीचं वाटणं. रस्त्यात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण कोण ते आठवत नाही. म्हणजे दुसरी गोष्ट झाली, पहिली नाही. आता वाचण्याचं बघा. वाचताना डोळा सरकत नाही, तो उड्या मारतो. प्रत्येक उडीला पुढे काय असेल याचा मेंदू अंदाज बांधतो. अंदाज थोडा चुकला की तो किंचित अडखळतो. त्या अडखळण्यावरून त्याला कळतं, हे नवीन आहे, बाहेरून आलंय."

"आणि तुमच्या यंत्राने अडखळणं काढून टाकलं."

"जवळजवळ संपूर्ण. हजारो लोकांच्या डोळ्यांच्या उड्या मोजून त्याने अंतरं बसवली. डोळा जिथे पडेल असं मेंदूला वाटतं, तिथेच तो पडतो. आम्हाला वाटलं, वाचायला सोपं जाईल. मजकुरावर जरा जास्त विश्वास बसेल. पण अडखळलाच नाही, तर मेंदू समजतो की हे मला आधीपासून ठाऊक होतं. मग ती गोष्ट 'वाचली' म्हणून साठवली जात नाही. 'माहीत आहे' म्हणून साठवली जाते. मधल्या रिकाम्या जागा मन स्वतः भरतं. म्हणून तुमच्या वडिलांना ती बहीण झाली. तुम्ही ते स्वतः लिहिलं होतं, म्हणून तुमचं तसं झालं नाही."

"तुम्ही हे तपासलं नव्हतं?"

"लोकांना एकदा वाचायला द्यायचो आणि तासाभराने प्रश्न विचारायचो," डॉक्टर म्हणाल्या. "रोज चहा करताना कुणी तेच बघत राहील, याचा विचार केला नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एक गोष्ट करता येते. खऱ्या आठवणीला जागा असते. कुठे बसलो होतो, कोण बोललं, आवाज कसा होता. साच्यातून आलेल्या गोष्टीला जागा नसते. नुसती खात्री असते. ऋजुताबाई, साच्यातलं सगळ्यांत जास्त काय वाचलंत तुम्ही?"

"नव्या गोळीचं पत्रक. कित्येक आठवडे तेच समोर होतं."

"त्या गोळीबद्दल तुम्हाला खात्रीने काय माहीत आहे? सांगा."

ऋजुताने सांगायला सुरुवात केली. गोळी हृदयाचे ठोके नियमित ठेवते. आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती सुरू झाली की रक्त पातळ करणारी जुनी गोळी लागत नाही.

"हे शेवटचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आप्पांच्या हार्टच्या डॉक्टरांनी."

"कुठे?"

ऋजुताने आठवून पाहिलं. डॉक्टरांची केबिन तिला स्पष्ट दिसली. काचेच्या पेटीतले मासे दिसले. डॉक्टर "नवी गोळी सुरू करू" म्हणाल्याचं त्यांच्या खरखरीत आवाजात ऐकू आलं. त्यापुढे काहीच नव्हतं. जुनी गोळी बंद करा हे वाक्य कुणाच्याच आवाजात ऐकू येईना. तरीही ते खरं आहे याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आपण आंधळे झालो आहोत आणि आपल्याला ते कळत नाही, असं काहीतरी तिला वाटलं.

तिने तिथूनच हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला.

"छे, छे," ते म्हणाले. "ती बंद करायची नसते. रक्ताची गुठळी होईल. कुणी सांगितलं तुम्हाला? कधीपासून बंद आहे?"

आप्पांच्या गोळ्यांच्या डबीतून ती गोळी तिनेच काढून टाकली होती. आणि आज सकाळी शर्टाची बटणं लावताना आप्पांचा डावा हात चाचपडत होता. तिने ते पाहिलं होतं आणि वयाचं कारण समजून पुढे गेली होती.

*

ती घरी पोचली तेव्हा आप्पा सोफ्यावर कलंडलेले होते. चहाची कपबशी खाली पडून फुटली होती. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा ओघळला होता. तिला पाहून ते काहीतरी बोलले, पण शब्द एकमेकांत चिकटून बाहेर आले.

मिरजेत दवाखाना लांब नसतो, हे त्यांचं नशीब. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं. दुपारपर्यंत डॉक्टर म्हणाले की जीव वाचला, बोलणंही येईल, डाव्या हाताचं मात्र सांगता येत नाही. रणजित धावत आला. ऋजुता त्याला एवढंच म्हणाली, "मी केलं हे." तो तिच्याशेजारी बसला आणि तिचा हात धरून राहिला.

मग तिच्या लक्षात आलं की आप्पा एकटे नाहीत. ते पत्रक गेल्याच आठवड्यात छापून जिल्हाभर गेलं होतं. औषधांच्या दुकानांत, सरकारी दवाखान्यांत, गावोगावच्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर पोस्टर लागली होती. रणजितला आप्पांजवळ बसवून ती ऑफिसला गेली.

काळसेकर मवाळ बोलणारे, हाताखालच्यांची काळजी घेणारे गृहस्थ होते. आप्पांचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. पण पत्रकाचं ऐकल्यावर ते गोंधळले.

"यात चूक काय आहे? नवी गोळी असली की जुनी लागत नाहीच."

"सर, साच्यातला जो पहिला खर्डा आपण दोघं रोज वाचत होतो, त्यातच वैद्यकीय विभागाने ते वाक्य खोडलं होतं. मी आत्ता बघून आले. मग ते छापलं कसं गेलं?"

"मीच परत घातलं. खोडलेलं चुकून खोडलं गेलंय असं वाटलं मला. अगं, एवढी साधी गोष्ट, सगळ्यांना माहीत असलेली."

"तुम्हाला कुणी सांगितली?"

"सांगायला कशाला लागते?"

"तुमच्या आईला तीच गोळी आहे ना, सर? त्यांची जुनी गोळी?"

"बंद केली. मीच केली."

"त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. माझ्यासमोर करा. प्लीज."

काळसेकरांनी फोन केला. पलीकडचा आवाज चढत चाललेला ऋजुताला ऐकू येत होता. काळसेकर "हो, हो" म्हणत राहिले आणि फोन ठेवून तिच्याकडे पाहून कसनुसं हसले. "या डॉक्टर लोकांना नवीन संशोधनाची कल्पना नसते," ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. ऋजुताला भीती वाटली ती त्याची. खोटं बोलणाऱ्या माणसाला पकडता येतं. हा माणूस आपल्या आईच्या जिवावर उठला होता आणि त्याला वाटत होतं की आपण तिची काळजी घेतोय. आज सकाळपर्यंत तीही तशीच होती.

तिने आरोग्य खात्यात फोन केला. तिथल्या माणसाने लेखी तक्रार द्यायला सांगितली. चौकशी होईल, म्हणाला. बोलता बोलता तोही म्हणाला, "पण मॅडम, ती जुनी गोळी तशीही लागत नाही ना?"

*

डॉक्टर मुजावर संध्याकाळी आप्पांना बघायला आल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघी उभ्या राहिल्या.

"पोस्टर काढून उपयोग नाही," ऋजुता म्हणाली. "डोक्यात गेलंय ते जात नाही. काळसेकरांना त्यांच्या आईचे डॉक्टर सांगतायत तरी पटत नाही. ज्या वाटेने ते आत गेलं, त्याच वाटेने दुसरं पाठवावं लागेल."

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "ते हत्यार आहे हे आता आपल्याला माहीत झालंय. माहीत नसताना वापरणं वेगळं होतं."

"मग काय करायचं? लोकांनी आप्पांसारखं पडायची वाट बघायची?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. आतल्या वॉर्डात कुणीतरी कण्हत होतं. मग त्या म्हणाल्या, "फक्त गोळीचं. बाकी एक अक्षर नाही. आणि काम झालं की साचे नष्ट करायचे. माझ्याकडची मापंसुद्धा."

त्यांनी मजकूर तिथेच बाकावर बसून लिहिला. 'रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नका. बंद केली असेल तर आजच आपल्या डॉक्टरांकडे जा.' ऋजुताने तो पोस्टरच्या साच्यात ओतला. साच्याच्या तळाशी एक ठरीव ओळ होती, 'योग्य सल्ल्यासाठी विश्वासाने विचारा', आणि तिच्यापुढे नाव आणि फोन नंबर. ती जागा रिकामी ठेवली तर साचा छपाईला जातच नसे. शाखांनी निनावी पत्रकं काढू नयेत म्हणून हा नियम ऋजुतानेच घातला होता. त्या गडबडीत तिने स्वतःचं नाव आणि स्वतःचा नंबर टाकला. कुणी घाबरून फोन केला तर उचलणारं कुणीतरी हवं, एवढाच तिचा विचार होता.

सुधारित आवृत्ती म्हणून ते शाखांना गेलं. शाखेच्या लोकांनी नेमाने जुनी पोस्टर काढून त्या जागी नवी लावली. आप्पांच्या वॉर्डातही त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर एक लागलं. ऋजुताने ते काढायचा विचार केला, पण त्या वॉर्डात हृदयाचे आणखी रुग्ण होते, म्हणून तिने ते राहू दिलं. रणजित मात्र त्या दिवसापासून वॉर्डात शिरताना चष्मा काढून खिशात ठेवायचा आणि चाचपडत आप्पांच्या पलंगाशी यायचा. चष्म्याशिवाय त्याला हातभर अंतरावरचं वाचता येत नसे.

उपाय लागू पडला. औषधांच्या दुकानांतून रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मागणी पुन्हा सुरू झाली. काळसेकरांनी आईला दवाखान्यात नेऊन आणलं. काहींना उशीर झाला होता. अशी माणसं किती, हे ऋजुताने विचारलं नाही. ऐकायची तिची हिंमत नव्हती.

आप्पांना घरी सोडल्यावर ती काळसेकरांकडे गेली. तिला वाटलं होतं, आता तरी चौकशी होईल. तिने जुनं पत्रक त्यांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते वाचलं आणि मान हलवली. "छापखान्याची चूक दिसते. आपण तर लोकांना पहिल्यापासून सांगत आलोय, ती गोळी बंद करायची नाही."

"सर, आपण उलट सांगत होतो."

"छे गं," ते मायेने म्हणाले. "तू दमली आहेस. पण तू म्हणतेस तर असेलही तसं. तू सांगशील ते बरोबरच असणार."

आरोग्य खात्यातल्या माणसानेही हेच सांगितलं. चूक झाली होती हे कुणाच्याच मनात उरलं नव्हतं. मग शिक्षा कुणाला आणि कशाची? ऋजुता आणि डॉक्टर मुजावर यांनी मिळून साचे पुसले, मापं पुसली, यंत्राचे भाग सुटे करून टाकले. काळसेकरांनी अडवलं नाही. ऋजुता सांगतेय म्हटल्यावर त्यांनी कारणही विचारलं नाही.

*

फोन सुरुवातीला गोळीबद्दलच यायचे. ती सगळ्यांना डॉक्टरकडे जायला सांगायची. मग आटपाडीहून एकाने विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन करू का. एकाने विचारलं, मुलीला बंगळुरूचं स्थळ आलंय, देऊ का. एका बाईने म्हैस विकायची की ठेवायची ते विचारलं. सगळ्यांचा आवाज एकसारखा असायचा, शांत, निःशंक, लहानपणापासून ओळखत असल्यासारखा. पोस्टरच्या तळाची 'विश्वासाने विचारा' ही ओळ तिच्या नावासकट त्याच वाटेने आत गेली होती.

"मला यातलं काही कळत नाही," ऋजुता म्हणायची. "घरच्यांशी बोला. तुमचं तुम्ही ठरवा."

"बरं," पलीकडून उत्तर यायचं. "तुम्ही म्हणताय तर आमचं आम्ही ठरवतो."

तिने एकदा एका माणसाला चिडून सांगितलं की माझं ऐकू नका. तो म्हणाला, "न्हाई ऐकत, ताई. तुम्ही सांगाल तसं."

घरी आप्पांचं बोलणं हळूहळू सुधारलं. हातही थोडा उचलू लागले. जेवताना ते पूर्वीसारखे बसायचे, पण जेवण गप्प गप्प व्हायचं. भाजी खारट झाली तरी ते बोलायचे नाहीत. बातम्या लावल्या तरी बोलायचे नाहीत. ऋजुताला आधी वाटलं, आजाराने खचलेत. मग एका सकाळी त्यांच्या हाताला तेल लावताना तिने मुद्दाम म्हटलं, "आप्पा, सांगलीहून विट्याला जाताना तासगाव लागत नाही ना?"

त्या रस्त्यावर त्यांची अर्धी नोकरी गेली होती. तासगावच्या स्टँडवर त्यांनी किती वेळा चहा घेतला असेल याची गणती नव्हती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, क्षणभर राहिली आणि विरली.

"न्हाई लागत," ते म्हणाले. "बरोबर हाय तुझं."

ती तेल लावत राहिली. हात थांबवला असता तर तिला हुंदका आवरला नसता. ज्या माणसाने जन्मभर तिचं एक चुकीचं वाक्य खपवून घेतलं नाही, तो समोर बसून तिचं सगळं खपवून घेणार होता. तिने रात्र म्हटलं असतं तर त्याने दिवसा डोळे मिटले असते.

त्या दिवशी तिने फोन बंद करून टाकायचं ठरवलं. रणजित म्हणाला, "बंद केलास तर त्यांना सांगणारं कुणीच उरणार नाही. आणि एखाद्याने तुझं नाव घेऊन त्यांना काही सांगितलं तर?" तिने याचा विचारच केला नव्हता. भिंतींवर तिचं नाव होतं आणि माणसं त्या नावाची वाट बघत होती. ते नाव कुणीही उचलू शकलं असतं. तिने फोन हातात धरून ठेवला, आणि तो तेवढ्यात वाजला.

"कोण बोलतंय?" एका बाईचा आवाज. करडा, दमलेला.

"मी ऋजुता भोईटे."

"व्हय, तीच पायजे. तुमी कोण म्हनायच्या?"

ऋजुताला प्रश्न समजायला वेळ लागला. इतक्या फोनांमध्ये कुणीच हा प्रश्न विचारला नव्हता. "म्हणजे?"

"म्हंजे तुमी हाय कोण? आमच्या मालकानं दवाखान्यात काय वाचलं, तवापासनं उठता बसता तुमचंच नाव. बाईंना इचारतो, बाई सांगतील. घरात मी हाय, पोरं हायेत, त्यांना काय किंमतच न्हाई. भांडला सुदिक न्हाई माझ्यासंगं महिनाभर. काय केलंसा त्येला?"

"तुम्ही ते पोस्टर वाचलं नाहीत?"

"मला वाचाय येत न्हाई."

ऋजुता फोन कानाशी घट्ट धरून खाली बसली. रणजित घाबरून जवळ आला, तिने हाताने त्याला थांबवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही.

"मावशी, फोन ठेवू नका," ती म्हणाली. "मला बोला. काय बोलायचं ते सगळं बोला."

"बोलून काय हुतंय? आदी तो कागद काढा भिंतीवरचा."

"काढते. पण कागद काढून तुमचे मालक पूर्वीसारखे होतील की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

पलीकडे मागे कुठेतरी शेळी ओरडत होती.

"ते मी बघते," बाई म्हणाली. "नवरा माझा हाय. तुमी कागद काढा, आन् परत त्येला फोनवर काय बी सांगू नगा. कळलं का?"

"कळलं," ऋजुता म्हणाली. "गाव कुठलं तुमचं?"

बाईने गाव सांगितलं, जतच्या पुढचं, आणि येताना कुठे उतरायचं तेही सांगितलं. ऋजुताने पायात चप्पल घातली. रणजितने न विचारताच गाडीची किल्ली घेतली.